ड्यूक आणि त्याचा ग्रेहाउंड: व्हॅन डाइकच्या व्यक्तिचित्राची तैलरंगात प्रत कशी करावी

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सतराव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार अँथनी व्हॅन डाइक याने रंगवलेले जेम्स स्टुअर्टचे पूर्णाकृती चित्र आहे. काळ सुमारे १६३३ ते १६३५, कॅनव्हासवर तैलरंग, उंची २१५.९ सेंमी, रुंदी १२७.६ सेंमी. काळ्या पोशाखातला तरुण उमराव, रुंद लेसची पांढरी कॉलर, झग्यावर चंदेरी तारा, आणि त्याच्या हाताखाली मान उंचावून त्याच्याचकडे बघणारा ग्रेहाउंड. बरोक काळातले व्यक्तिचित्रण हाताने शिकायचे असेल तर प्रत करायला याहून चांगले चित्र क्वचितच सापडेल. कातडी, केस, लेस, रेशीम, धातू, काळे कापड आणि जनावराचे अंग हे सगळे धडे एकाच चौकटीत आहेत. शिवाय या सगळ्याला चित्रकाराने सारखा वेळ दिलेला नाही. चेहरा, कुत्र्यावरचा हात आणि कॉलर यांवर जीव ओतला आहे आणि बाकी बरेच झपाट्याने उरकले आहे. प्रत करणारे नेमके इथे फसतात. सगळीकडे सारखीच मेहनत घेतात आणि चित्र निर्जीव होते.

रंगवण्याआधी माणूस कोण ते माहीत असावे. जेम्स स्टुअर्ट १६१२चा, इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा नातलग. चित्र झाले तेव्हा तो लेनॉक्सचा ड्यूक होता; रिचमंडचा ड्यूक हा किताब १६४१मध्ये मिळाला. १६३३च्या नोव्हेंबरात त्याला ऑर्डर ऑफ द गार्टर हा सर्वोच्च सरदारी सन्मान मिळाला. झग्यावरचा तारा, गळ्यातल्या फितीचे पदक आणि डाव्या गुडघ्याखालचा पट्टा ही त्याचीच चिन्हे. म्हणजे हे चित्र एका परीने नव्या मानाची जाहीर नोंद आहे. कुत्रा शिकारीचा आणि उमरावी जातीचा. त्याने मालकाचा जीव वाचवला अशी दंतकथाही आहे. ती खरी असो वा नसो, कुत्र्याची नजर रंगवताना उपयोगी पडते.

माणूस आणि मोठा कुत्रा ही मांडणी व्हॅन डाइकची स्वतःची नाही. व्हेनिसचा चित्रकार टिशियन याने १५३३मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सला कुत्र्यासह उभे केले होते. ते चित्र १६२३मध्ये स्पेनहून इंग्लंडच्या युवराजाला, म्हणजे पुढच्या पहिल्या चार्ल्सला, भेट मिळाले आणि राजाच्या मृत्यूनंतर पुन्हा स्पेनला गेले. आज ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. दोन्ही चित्रांच्या प्रतिमा शेजारी ठेवून बघा. टिशियनचा सम्राट कुत्र्याचा पट्टा धरून उभा आहे, व्हॅन डाइकचा ड्यूक नुसता हात ठेवून. एवढ्या एका बदलाने चित्राचा सगळा सूर बदलतो.

प्रतिमा आणि माप

मेट्रोपॉलिटनने फेब्रुवारी २०१७पासून आपल्याकडच्या स्वामित्वहक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा सर्वांना विनामूल्य खुल्या केल्या आहेत. संकेतस्थळावरून मोठ्यात मोठी फाइल उतरवून घ्या. इतर ठिकाणच्या प्रतिमा घेऊ नका. त्यांत रंग भडक केलेले असतात आणि कडा कापलेल्या असतात. मग तीन प्रिंट काढा: पूर्ण चित्राची एक रंगीत, एक कृष्णधवल, आणि चेहरा व कुत्र्याचे डोके यांची प्रत्यक्ष रंगवायच्या मापाची तिसरी. कागद मॅट असावा, चकचकीत कागदावर काळ्यातले फरक दिसत नाहीत. रंग टॅब्लेटवर बघायचा असेल तर उजेड अर्ध्यावर ठेवा, नाहीतर तुमचे चित्र पडद्याशी स्पर्धा करत फिके होत जाईल.

मूळ आकारात करण्याचा हट्ट नको. जागा, खर्च आणि वेळ तर आहेच, शिवाय प्रत मुळाच्या मापाची नसावी असा संकेत बहुतेक संग्रहालये पाळतात. निम्मे माप सोयीचे: १०८ × ६४ सेंमी. यापेक्षा लहान केले तर चेहरा इतका बारीक होतो की ब्रशचा फटकारा दिसणे बंद होते आणि काम लघुचित्रासारखे होऊ लागते. निम्म्या मापातही डोके अर्ध्या वितीच्या आसपासच येते, हे ध्यानात असू द्या.

मापाचा आणखी एक फायदा आहे. मूळ चित्राच्या लांबी-रुंदीचा आठवा भाग म्हणजे २७ × १६ सेंमी, आणि तो ए-४ कागदावर सहज बसतो. त्या प्रिंटवर २ सेंमीचे चौकोन आखा आणि कॅनव्हासवर ८ सेंमीचे. रुंदीत बरोबर आठ घरे, उंचीत साडेतेरा. चेहरा आणि कुत्र्याचे डोके या घरांत पुन्हा अर्ध्या मापाची जाळी आखा.

चौकट, कापड, जमीन

चौकटीसाठी साधारण ४.५ × २ सेंमीच्या पट्ट्या आणि मध्ये एक आडवी पट्टी. सुतार सवयीने कोपरे खिळ्यांनी पक्के ठोकतो. त्याला आधीच सांगा की कोपऱ्यांना खाच हवी, खिळे नकोत, म्हणजे पुढे कापड सैल पडले की पाचर ठोकून ताणता येते. पट्टीच्या आतल्या कडेला कापडापासून दूर जाणारा उतार हवा. तो नसेल तर वर्षभरात चित्रावर पट्टीची सरळ रेघ उमटते.

कापड लिननचे उत्तम, जाड सुती डकही चालते. १२० × ७६ सेंमीचा तुकडा घ्या, म्हणजे चहूबाजूंनी ६ सेंमी मिळतात. चारही बाजूंच्या मध्यापासून सुरुवात करून कोपऱ्यांकडे जा, समोरासमोर ताणत. एक बाजू पूर्ण करून दुसरी घेतली तर विणीच्या रेषा वाकड्या होतात, आणि चौकोन आखताना ते उघडे पडते.

व्हॅन डाइकच्या काळात कापडाला सरसाचा हात देऊन वर तैलरंगाची जमीन, म्हणजे चित्राखालचा लेप, करत. राजाचे वैद्य थिओडोर द मायर्न यांनी चित्रकारांच्या कृती टिपून ठेवल्या आहेत. त्यांत व्हॅन डाइकशी झालेले बोलणेही आहे: तेलांत जवसाचे सर्वांत चांगले, आणि माशाच्या सरसाची जमीन रंग बिघडवते. आपल्याकडे सरसाचे दुखणे वेगळेच आहे. सरस हवेतला ओलावा ओढतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात कापड लोंबते, उन्हाळ्यात आवळते, आणि या ओढाताणीत रंगाला तडे जातात, वर बुरशीही धरते. म्हणून परंपरेचा आग्रह सोडून अ‍ॅक्रिलिक जेसो (कापडावर द्यायचा तयार पांढरा लेप) वापरावा. एवढ्या कापडाला एका हातासाठी १००–१२० मिली पुरतो. दोन हात पांढरे द्या, पहिला आडवा, दुसरा उभा, मध्ये ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासा.

तिसरा हात रंगीत. १०० मिली जेसोत अंदाजे १० मिली रॉ अंबर आणि २–३ मिली काळा अ‍ॅक्रिलिक रंग मिसळा. शुद्ध पांढरा १० आणि शुद्ध काळा ० धरला तर वाळल्यावर ५ ते ६च्या मध्ये बसेल असा उबदार राखाडी हवा. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतो, तेव्हा आधी एका पुठ्ठ्यावर ठिपका वाळवून बघा. हा राखाडी नुसता पार्श्वभूमीचा रंग नाही. चेहऱ्यातल्या आणि कुत्र्याच्या अंगातल्या निम्म्या छटा याच्यातून फुकट मिळणार आहेत. पांढऱ्या कॅनव्हासवर ही प्रत करू बघणाऱ्याला त्या एकेक करून मिसळाव्या लागतात, आणि त्या कधी बसत नाहीत.

रंग, तेल, ब्रश

मूळ रंगपेटीत लेड व्हाइट, लेड-टिन यलो, व्हर्मिलियन, लाखी लाल, माती रंग, हाडांचा काळा आणि महागडा अल्ट्रामरीन असे रंग होते. शिसे आणि पारा विषारी, तेव्हा पर्याय घ्या. टायटेनियम व्हाइट १२० मिली. यलो ऑकर, रॉ अंबर, बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक प्रत्येकी ४० मिली. कॅडमियम रेड लाइट, क्विनॅक्रिडोनचा गर्द लाल, अल्ट्रामरीन, टेर व्हर्ट (हिरवट माती रंग) आणि नेपल्स यलो प्रत्येकी २० मिली. एवढ्यात चित्र होऊन रंग उरतो.

टायटेनियम पांढरा लेड व्हाइटपेक्षा फार ताकदवान आणि थंड असतो. नळीतून काढल्यावर त्यात चिमूटभर ऑकर आधीच घोटून ठेवा, आणि जुन्या कृतीत जितका पांढरा सांगितला असेल त्याच्या निम्म्याने सुरुवात करा. पांढरा झिंकचा असेल तर जाड थराला वापरू नका, तो कालांतराने ठिसूळ होतो. जुना अ‍ॅलिझरीन क्रिमझन उजेडात उडतो. आणि ‘व्हॅन डाइक ब्राउन’ नावाची नळी केवळ नावाच्या मोहाने घेऊ नका. या नावाचा मूळ रंग, कॅसल अर्थ, कुजलेल्या वनस्पतींचा, उशिरा वाळणारा आणि फिका पडणारा. आजच्या नळीत बहुधा तपकिरी आणि काळ्याचे मिश्रण असते, ते तुम्ही स्वतः करू शकता.

तेलाच्या बाबतीत दोन घोटाळे नेहमी होतात. हार्डवेअरच्या दुकानातले ‘डबल बॉइल्ड’ जवसाचे तेल दारे-खिडक्यांसाठी असते. त्यात वाळवणारी द्रव्ये असतात आणि ते काळवंडते. चित्रासाठी कलासाहित्याच्या दुकानातले शुद्ध केलेले जवसाचे तेलच घ्या, १०० मिलीची बाटली पुरे. तसेच हार्डवेअरमधले ‘टर्पेंटाइन’ बहुतेक वेळा खनिज टर्पेंटाइन असते. ब्रश धुवायला उत्तम, रंग पातळ करायलाही चालेल, पण व्हार्निशच्या डामर राळेला ते नीट विरघळवत नाही.

थरांचे प्रमाण असे ठेवा. पहिल्या थराला नुसते टर्पेंटाइन. दुसऱ्याला दोन भाग टर्पेंटाइन, एक भाग तेल. शेवटच्याला निम्मेनिम्मे. वरचा थर नेहमी खालच्यापेक्षा तेलकट. हे उलटे झाले तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो, आणि भेगा पडतात.

ब्रश: चपटे हॉग हेअर (डुकराच्या राठ केसांचे) ४, ८ आणि १२ नंबर, मऊ गोल २ आणि ४, एक लांब केसांचा रिगर, आणि कडा विरघळवायला एक कोरडा पंखा ब्रश. तेलाने भिजलेली चिंधी बोळा करून कचऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवून मग टाकाव्यात, किंवा दोरीवर मोकळ्या वाळवाव्यात.

रेखाटन

जाळी पांढऱ्या खडूने आखा, आकृती कोळशाने. आधी फक्त पाच गोष्टी लावा: डोक्याचा माथा, कंबर, पायाचे तळवे, कुत्र्याच्या डोक्याचा माथा आणि कुत्र्याचे पुढचे पंजे. त्या पक्क्या झाल्याशिवाय नाक-डोळे नकोत.

इथे एक सापळा आहे. ही आकृती मुद्दाम लांबवलेली आहे. डोके लहान, पाय लांब, बोटे निमुळती. सामान्य माणूस सात-साडेसात डोक्यांचा असतो. प्रिंटवर कंपास लावून या आकृतीत डोके किती वेळा बसते ते स्वतः मोजा. शरीरशास्त्र शिकलेला हात नकळत ही ‘चूक’ दुरुस्त करतो, डोके थोडे मोठे करतो, आणि ड्यूकचा एकदम कारकून होतो. शिवाय पाहणाऱ्याची नजर खालून आहे, म्हणून तो उंच भासतो. जमिनीची रेषा आणि बुटांचा कोन जसेच्या तसे घ्या.

आता दोरा घ्या. प्रिंटवर कुत्र्याच्या डोळ्यापासून मालकाच्या चेहऱ्यापर्यंत ताणून धरा, तो चौकोनांना कुठे कुठे छेदतो ते टिपा, आणि कॅनव्हासवर तसाच जुळवा. कुत्रा मालकाकडे बघतो आणि मालक आपल्याकडे. चित्राचा कणा ही वाकडी रेषाच आहे. कुत्र्याचे डोके अर्धा सेंमी जरी खाली वळले तरी तो ड्यूकच्या बगलेकडे बघतो आहे असे वाटू लागते. रेखाटन बरोबर वाटले की पातळ रॉ अंबरने रेषा पक्क्या करा, वाळल्यावर कोळसा आणि खडू झटकून टाका.

पहिला थर

रॉ अंबर आणि टर्पेंटाइन यांनी सर्व सावल्या पातळ धुवून घ्या. मग पांढऱ्यात थोडा अंबर घालून फक्त उजेडाच्या जागा: कपाळ, नाक, गालाचे हाड, दोन्ही हात, कॉलर, मोजे, कुत्र्याची छाती आणि मान. मधल्या छटांना हात लावू नका, तिथे जमीन उघडी राहू द्या. सगळे काम एका दिवसाचे. डोळे बारीक करून तीन मीटरवरून बघितल्यावर कृष्णधवल प्रिंटशी जुळले की झाले.

अंबरमध्ये मँगनीज असते, त्यामुळे हा थर लवकर वाळतो. कोरड्या हवेत तीन-चार दिवस, पावसाळ्यात आठवडा किंवा जास्त. शक्य असेल तर हे चित्र दिवाळीनंतर सुरू करावे, म्हणजे पाऊस येण्यापूर्वी सगळे थर वाळलेले असतात.

चेहरा

व्हॅन डाइक लंडनमध्ये कसा काम करी याचे वर्णन एबरहार्ट याबाख या संग्राहकाने केलेले आहे. समोरच्या माणसाला एका वेळी तासाभराहून जास्त बसवायचे नाही, वेळ झाली की उठायचे, पुढची वेळ ठरवायची. मग नोकर येऊन ब्रश धुई आणि पुढच्या माणसासाठी दुसरी पॅलेट लावून देई. नोकर नसला तरी ही शिस्त घेण्यासारखी आहे. प्रत्येक भागाची पॅलेट आदल्या रात्री मिसळून, प्लॅस्टिकने झाकून ठेवा. रंगवायला बसल्यावर मिसळत बसलात तर ओल्यात ओले काम करण्याची वेळ निघून जाते.

चेहऱ्याला चार ढीग पुरतात. उजेड: पांढरा ६ भाग, ऑकर १, कॅडमियम रेड अर्धा. लाली: त्याच ढिगात थोडा आणखी लाल आणि कणभर गर्द लाल. मधली थंड छटा: उजेडाच्या ढिगात टेर व्हर्ट आणि काळ्याचा स्पर्श. सावली: बर्न्ट अंबर, ऑकर आणि गर्द लाल, पांढरा अजिबात नाही.

आधी सावली पातळ लावा, मग उजेड जाडसर, शेवटी मधली छटा, तीही फक्त जिथे जमीन पुरेशी बोलत नाही तिथे. गडद जमिनीवरून उजेडाचा रंग पातळ ओढला की तो आपोआप निळसर राखाडी दिसतो. कानशील, जबड्याची कड आणि डोळ्याखालचा भाग असाच मिळतो. हा परिणाम मिसळून मिळत नाही. पापण्यांच्या कडा, नाकपुड्या आणि ओठांच्या मधल्या रेषेला काळा नको, बर्न्ट अंबर आणि गर्द लाल द्या. काळ्याने चेहरा मळकट दिसतो, आणि नवशिक्यांच्या प्रतीत सर्वांत जास्त बिघडते ते हेच.

केस ओल्या चेहऱ्यातच ओढून घ्या. आधी ऑकर आणि अंबरचा एक पातळ गठ्ठा, मग सात-आठ उजळ बटा. डावीकडची बट लांब सोडायची त्या दरबारात पद्धत होती. केस आणि पार्श्वभूमी यांच्यातली कड कोरड्या ब्रशने विरघळवा, कात्रीने कापल्यासारखी ठेवू नका. एक बैठक तीन-चार तासांची. जमले नाही तर त्याच दिवशी चिंधीने पुसून टाका, खाली पहिला थर सुरक्षित असतो. दुसऱ्या दिवशी अर्धवट चिकट रंगावर डागडुजी केली की चेहरा चिखल होतो.

हात आणि कुत्रा

सर्वाधिक वेळ इथे द्या, चेहऱ्याहूनही जास्त. चेहरा थोडा हुकला तर प्रतीतला ड्यूक त्याच्या भावासारखा दिसेल, एवढेच. हाताचे आणि कुत्र्याच्या डोक्याचे नाते हुकले तर चित्रात सांगण्यासारखे काही उरत नाही.

व्हॅन डाइक हात रंगवण्यासाठी मोबदला देऊन वेगळी माणसे बसवत असे. म्हणून त्याच्या चित्रांतले हात एकमेकांचे नातलग वाटतात: लांब, हाडे न दिसणारे, बोटांच्या टोकाला निमुळते. कुत्र्यावरचा हात जोर देत नाही, नुसता टेकलेला आहे. हे दाखवायचे साधन म्हणजे बोटांखालची सावली. जिथे बोट खरोखर टेकते तिथे ती अरुंद आणि गडद, जिथे उचललेले आहे तिथे रुंद आणि मऊ. सगळ्या बोटांखाली सारखी रेघ ओढली की हात कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. हात आणि कुत्र्याचे डोके एकाच बैठकीत, ओले असतानाच करा; एक वाळल्यावर दुसरे केले तर ही सावली दोघांचीही होत नाही.

ब्रिटिश म्युझियममध्ये व्हॅन डाइकची काळ्या खडूतली ग्रेहाउंडची अभ्यासचित्रे आहेत, याच चित्राशी जोडली जाणारी. त्यांची प्रतिमा बघून एक-दोनदा कागदावर कुत्र्याचे डोके काढल्याशिवाय रंग घेऊ नका. ग्रेहाउंडची ठेवण डोक्यात बसायला हवी: खोल छाती, वर ओढलेले पोट, लांब मान, खांद्याचे उठून दिसणारे हाड, बरगड्यांच्या हलक्या छाया आणि मांडीचा एकदम जाड स्नायू. जिवंत नमुना बघायचा असेल तर मराठवाड्यात आणि सोलापूरच्या बाजूला पाळले जाणारे कारवानी कुत्रे याच घडणीचे, नजरेवर शिकार करणारे. छाती-पोट-मांडीचा अभ्यास त्यांच्यावरून बिनधास्त करा. कान मात्र घेऊ नका. कारवानीचे कान खाली लोंबतात, ग्रेहाउंडचे लहान आणि मागे दुमडलेले असतात.

रंगवण्याचा क्रम असा. पातळ ऑकर-अंबरने अख्ख्या कुत्र्याला एक उबदार हात द्या आणि तो चिंधीने जवळजवळ पुसून घ्या. मग पांढरा, ऑकर आणि चिमूटभर अंबर यांचा उजेड छाती, मान, नाकाचा दांडा आणि पुढच्या पायांवर. बरगड्यांच्या आणि पोटाच्या वळणावर पांढरा, काळा आणि थोडा अंबर यांचा थंड राखाडी. या दोहोंच्या मधे जमीन दिसू द्या. ब्रश नेहमी केस वाढतात त्या दिशेने, पण केस काढायचे नाहीत. इतक्या आखूड केसांच्या कुत्र्यावर एकही केस वेगळा दिसत नाही. दिसते ती कातडीखालच्या हाडाची आणि स्नायूची चमक. रिगरने केस काढत बसलेली प्रत गालिच्यासारखी दिसते.

कडांकडे लक्ष द्या. नाकाची पुढची कड आणि कपाळ स्पष्ट, पाठीची आणि मागच्या पायांची कड अंधारात हरवलेली. जिथे कुत्र्याचे अंग ड्यूकच्या काळ्या कपड्याला लागते तिथे थोडा काळा कुत्र्याच्या रंगात आणि थोडा कुत्र्याचा रंग काळ्यात ओढा.

डोळा शेवटी. बर्न्ट अंबर आणि काळ्याचा एक गोलसर ठिपका, खालच्या बाजूला किंचित उजळ तपकिरी, वर पांढऱ्याचा एक टाचणीएवढा बिंदू. डोळ्याचे पांढरे फार उघडे ठेवले की कुत्र्याला माणसाचा डोळा येतो आणि चित्र हास्यास्पद होते. नाकाला काळ्यात गर्द लाल मिसळा, ओलसर चमकेसाठी निळसर राखाडीचा एक फटका. मग दोरा पुन्हा लावून नजर तपासा.

काळा पोशाख

निम्म्याहून अधिक प्रती इथे कंटाळवाण्या होतात, कारण नळीतला काळा सरळ फासला जातो. चार काळे मिसळा: काळा आणि बर्न्ट अंबर, सावलीतल्या उबदार भागांसाठी; काळा आणि अल्ट्रामरीन, उजेडाकडे वळलेल्या घड्यांसाठी; काळा आणि गर्द लाल, खोल चुण्यांसाठी; आणि काळा, अंबर व थोडा पांढरा मिळून एक मध्यम राखाडी, रेशमाच्या चमकेसाठी. काळ्यात नुसता पांढरा घातला तर चमक निळी, शिसपेन्सिलीसारखी दिसते, म्हणून अंबर विसरू नका. चमकेचे फटके मोठ्या ब्रशने, मनगट सैल ठेवून, एकदाच. मूळ चित्रात बरीचशी कपड्यांची कामे सहायक करत. याबाखच्या वर्णनानुसार व्हॅन डाइक राखाडी कागदावर पंधरा मिनिटांत आकृती आणि कपड्याचे रेखाटन करी, लोकांचे कपडे चित्रशाळेत मागवून सहायक ते रंगवत, आणि शेवटचा हात तो स्वतः फिरवी. तुम्हीही आधी सहायकासारखे निमूट भरा आणि दुसऱ्या दिवशी मालकासारखे चार फटके मारा.

काळा वाळला की काही भाग मेल्यासारखे, पांढुरके दिसतात. खालच्या थराने तेल शोषल्याने तसे होते. रंग वाढवू नका. निम्मे तेल, निम्मे टर्पेंटाइन असे चिंधीवर घेऊन पातळ चोळा, दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसून घ्या, मग खरा टोन दिसेल. आयव्हरी ब्लॅक उशिरा वाळतो, तेव्हा यावर लगेच काही करू नका. किमान दहा दिवस थांबा.

लेस, तारा, फीत

लेस पांढऱ्याने सुरू होत नाही. कॉलरचा सगळा आकार आधी मध्यम राखाडीने पातळ भरा, खालचा काळा थोडा दिसेल इतका. चिकट झाला की नक्षीच्या कडा उजळ राखाडीने, भोके काळ्याने. सर्वांत शेवटी, उजेडाच्या बाजूलाच, जाड पांढऱ्याचे ठिपके ब्रशच्या टोकाने ठेवा आणि सोडून द्या. नक्षी कॉलरच्या एक तृतीयांश भागातच स्पष्ट करा, बाकी धूसर. डोळा उरलेली नक्षी स्वतः पुरी करतो. सगळीकडे भोके मोजून काढलीत तर कॉलर चेहऱ्यापेक्षा पुढे येते.

ताऱ्याचेही तसेच. राखाडी तबकडी, त्यावर किरणांचे काही फटके, आणि झगा जिथे वळतो तिथे किरण दबलेले. तारा कापडावर भरतकाम केलेला आहे, तो कापडाबरोबर वळला पाहिजे. कंपासने काढलेला तारा बिल्ला वाटतो. फितीचा रंग ठरवताना लक्षात असू द्या की पिवळ्या पडलेल्या व्हार्निशखाली जुन्या चित्रांतला निळा हिरवट दिसू शकतो. प्रत प्रतिमेची करायची की अंदाजलेल्या मूळ रंगाची, हे आधी ठरवा आणि सगळ्या चित्राला तोच नियम लावा.

स्वतःचा कुत्रा असेल तर

याच मांडणीत घरचा माणूस आणि घरचा कुत्रा रंगवायचा असेल तर फोटो कंबरेच्या उंचीवरून, म्हणजे ८०–९० सेंमीवरून काढा, अंतर साडेतीन-चार मीटर. मोबाइलच्या रुंद भिंगाने जवळून काढलेल्या फोटोत डोके मोठे आणि पाय आखूड येतात, अगदी उलटे. उजेड एकाच खिडकीचा, उत्तरेचा असल्यास उत्तम, घरातले दिवे बंद. कुत्र्याने वर बघावे म्हणून खाऊ मालकाच्या हनुवटीजवळ धरावा, कॅमेऱ्याकडे नव्हे. हाताचा फोटो वेगळा, जवळून. चेहरा, हात आणि कुत्रा एकाच फोटोत चांगले येण्याची वाट बघत बसू नका, व्हॅन डाइकनेही बघितली नाही.

वाळवणे, व्हार्निश, मागची बाजू

चित्र उजेडाच्या, हवेशीर खोलीत, भिंतीपासून थोडे दूर ठेवा. अंधाऱ्या माळ्यावर ठेवलेला तैलरंग पिवळा पडतो; तसे झालेच तर काही आठवडे उजेडात ठेवल्यावर बराचसा परत येतो. प्लॅस्टिकमध्ये कधी गुंडाळू नका, विशेषतः पावसाळ्यात. मागच्या बाजूला बुरशीचे ठिपके आले तर कोरड्या मऊ ब्रशने झाडून हवा लागू द्या, ओले फडके नको.

शेवटचे व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने. लेसचे जाड ठिपके वाळले की नाही ते नखाने दाबून बघा. खूण उमटली तर थांबा. डामरपेक्षा कृत्रिम राळेचे, काढता येणारे व्हार्निश घ्या, ते पिवळे पडत नाही. दिवस कोरडा निवडा. दमट हवेत लावलेल्या व्हार्निशवर दुधाळ पापुद्रा येतो, आणि एवढ्या काळ्या चित्रावर तो लगेच डोळ्यांत भरतो. एकच पातळ हात, चित्र आडवे ठेवून, कडेपासून कडेपर्यंत न थांबता. दोन तास झाकण धुळीपासून, पण चित्राला न टेकणारे.

मागे कापडावर नव्हे, लाकडी पट्टीवर पेन्सिलने लिहा: व्हॅन डाइकच्या मूळ चित्रावरून केलेली प्रत, तुमचे नाव, वर्ष, जमीन कोणती, तेल कोणते, व्हार्निश कोणते आणि कधी लावले. पुढच्या बाजूला त्याची सही उतरवू नका.